बीज, भूमि आणि दान

आपल्या घरांत कांहीं रोगांचीं नांवें मोकळेपणानें घेतलीं जातात, तर कांहींचीं कानांत सांगितलीं जातात. हिंवताप, मधुमेह, संधिवात यांची चर्चा ओसरीवर, आल्यागेल्यासमोर, चहाच्या पेल्याबरोबर चालते. पण स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला कीं आवाज आपोआप खालीं येतो आणि बोलणें माजघरांत जातें. या संकोचाचें मूळ आपल्या मर्यादशील वळणांत आहे, व तें वळण सर्वस्वीं टाकाऊ आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत भारतांतील सुमारें १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगानें नव्यानें गांठलें आणि सुमारें ९८ हजार स्त्रियांचा बळी घेतला. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज याचा क्रमांक पहिला आहे. अशा रोगाविषयीं कुजबुजून भागणार नाहीं. संकोच हा शीलाचा अलंकार असेल. पण औषधाच्या वाटेवर तो धोंड होऊन बसूं नये.

प्रस्तुत लेखांत या रोगाचें समग्र वर्णन करण्याचा हेतु नाहीं. तो अधिकार वैद्यांचा. वाचकांपुढें दोनच प्रश्न मांडावयाचे आहेत. पहिला असा कीं, हा रोग माणसाचा प्राण घेतो तो नेमका कसा? आणि दुसरा असा कीं, तें शोधून काढण्याचा खर्च कोणीं करावयाचा, व आपल्याकडे तो कोणीं केला? वरवर पाहतां एक प्रश्न प्रयोगशाळेचा व दुसरा जमाखर्चाचा. तथापि दोहोंचीं उत्तरें एकमेकांत गुंतलेलीं आहेत, आणि आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या कुटुंबांचें कर्तव्य त्या गुंत्यांतच सांपडतें.

प्रथम पहिला प्रश्न घेऊं. स्तन हा जीविताला अत्यावश्यक असा अवयव नव्हे. हृदय थांबलें किंवा फुप्फुसें बंद पडलीं तर माणूस जगत नाहीं. परंतु स्तन काढून टाकलेली स्त्री पुढें तीस-चाळीस वर्षें संसार करूं शकते, नातवंडांचीं लग्नें पाहूं शकते. तेव्हां स्तनांतील गांठ स्तनांतच राहती, तर तिनें प्राण घेण्याचें कारण नव्हतें. प्राण घेतो तो तिचा प्रसार. मूळ गांठींतील कांहीं पेशी सुटतात, लसवाहिन्यांतून काखेंतील गांठींत शिरतात, रक्तवाहिन्यांतून दूर जातात, आणि हाडें, फुप्फुसें, यकृत, मेंदु अशा ठिकाणीं नवें बिऱ्हाड थाटतात. विशेष हें कीं, हाडांत गेलेला हा रोग हाडाचा रोग होत नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां त्या पेशी स्तनाच्याच म्हणून ओळखूं येतात. कधीं कधीं त्या परक्या जागीं वर्षानुवर्षें निजून राहतात आणि शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा वर्षांनीं, सारें घर निर्धास्त झालें असतां, जाग्या होतात.

आमच्या गोदाकांठच्या शेतकऱ्याला हें समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाहीं. कांद्याच्या पातीवर करप्याचा ठिपका दिसला, म्हणजे ती एक पात खुडून काम भागत नाहीं, हें तो अनुभवानें जाणतो. डोळ्यांना ठिपका एक दिसतो. न दिसणारें बीज शेजारच्या वाफ्यांत केव्हांच पोंचलेलें असतें. कर्करोगाच्या चिकित्सेंतील सारी अडचण या एका वाक्यांत सांगतां येईल. जें दिसतें तें काढतां येतें. जें निघून गेलें त्याचें काय करावयाचें?

ही अडचण प्राचीनांच्याही दृष्टीस पडली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अर्बुदाचें वर्णन आहे. तें वाटोळें, स्थिर, मंद वेदनेचें, खोल मुळांचें, सावकाश वाढणारें व न पिकणारें असतें असें ग्रंथकार सांगतो. पहिल्या अर्बुदावर दुसरें उठलें तर त्यास अध्यर्बुद म्हणावें, आणि दोन एकदम किंवा एकामागून एक उद्भवलीं तर द्विरर्बुद. हें दुसरें असाध्य. चिकित्सास्थानांत तर स्पष्ट बजावलें आहे कीं, अर्बुदाचा अंश शेष राहिल्यास तें लौकरच पुन्हां उद्भवतें. यावरून आजचें सर्व शास्त्र आपल्या पूर्वजांस अवगत होतें असा निष्कर्ष काढणें हा भाबडेपणा होईल, व सुश्रुताचें अर्बुद आणि आजचा कर्करोग सर्वथा एकच असेंही म्हणतां येणार नाहीं. एवढें मात्र खरें कीं, शस्त्र चालविणाऱ्या त्या वैद्यांनीं ‘एकावर दुसरें’ आणि ‘शेषापासून पुन्हां’ या दोन्ही गोष्टी डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. कां होतें, हें मात्र त्यांना उलगडलेलें नव्हतें.

‘कां’ हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारला गेला तो इसवी सन १८८९ मध्यें. लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं स्तनाच्या कर्करोगानें मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवपरीक्षांचे कागद एकत्र करून तपासले. रक्त तर सर्व अवयवांना जातें. मग हा रोग यकृतांत वारंवार आणि प्लीहेंत क्वचित् असें कां? हाडांवर त्याचा डोळा कां? त्यांनीं दिलेलें उत्तर आपल्या लोकांस अगदीं ओळखीचें वाटेल असें आहे. बीज सर्व दिशांना जातें, पण जेथें भूमि अनुकूल असेल तेथेंच तें रुजतें. आपल्या धर्मशास्त्रांत बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ हा वाद निराळ्या संदर्भांत घातलेला आहे. येथें तोच वाद शरीराच्या आंत उभा राहिला. पुढें १९२८ मध्यें अमेरिकेचे जेम्स यूइंग यांनीं उलट बाजू मांडली. त्यांच्या मतें भूमीचें एवढें महत्त्व नाहीं. रक्ताचा प्रवाह जिकडे नेईल आणि जेथें पेशी अडकेल तेथें रोग होणार.

सायखेड्याच्या पुलावर उभें राहून पावसाळ्यांतील गोदावरी पाहणाऱ्यास या दोन मतांतील तथ्य एकदम कळेल. पुराबरोबर पाणवेली वाहत येतात आणि पुलाच्या खांबांना अडकून बसतात. त्या तेथें अडकल्या त्या केवळ प्रवाहामुळें, तेथील मातीच्या गुणामुळें नव्हे. परंतु त्याच पाण्यानें आणलेलें वेड्या बाभळीचें बीं दोन्ही कांठांवर सारखें पडूनही सगळीकडे उगवत नाहीं. जेथें त्याला मानवेल तेथेंच तें मूळ धरतें. प्रवाह बीज पोंचवितो आणि भूमि तें रुजवितें. आजच्या शास्त्रज्ञांनीं दोन्ही मतांचा असाच मेळ घातला आहे. आणि त्याहीपुढें जाऊन, मूळ गांठ दूरच्या अवयवांतील भूमि आधींच आपल्याला अनुकूल करून घेते कीं काय, याचा ते शोध घेत आहेत.

हा वाद केवळ पंडितांचा आहे असें कोणी समजूं नये. त्याचा परिणाम लक्षावधि स्त्रियांच्या देहांवर झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोर येथील विल्यम हॉल्स्टेड यांनीं जी शस्त्रक्रिया रूढ केली, तींत स्तनाबरोबर छातीचे स्नायु व काखेंतील गांठी हीं सर्व काढून टाकीत. रोग मुळापासून क्रमाक्रमानें पसरतो. तेव्हां जितकें दूरवर कापावें तितका तो निःशेष होईल, ही त्यामागची समजूत. पाऊणशें वर्षें जगभर हाच शिरस्ता होता. पुढें पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनीं १९७१ मध्यें एक मोठी परीक्षा आरंभिली आणि असें दाखवून दिलें कीं, कमी कापलेल्या स्त्रिया अधिक कापलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात. कारण ज्या पेशी दूर जावयाच्या त्या शस्त्र लागण्यापूर्वींच गेलेल्या असतात. आज पुष्कळ स्त्रियांना स्तन राखून शस्त्रक्रिया करून घेतां येते, ती या संशोधनाच्या पुण्याईनें.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. असल्या शोधांस पैसा लागतो, आणि पुष्कळ लागतो. तो कोणीं द्यावा? औषधांचे व्यापारी देतील, असें कोणी म्हणेल. आणि ते देतातही. परंतु व्यापाऱ्याचा पैसा, त्याच्या धर्माला अनुसरून, जेथें विकण्याजोगा माल निघेल तेथेंच जाणार. ‘कमी कापलें तर चालेल काय?’ या प्रश्नाच्या उत्तरांतून कोणताही माल निघत नाहीं. दुसरा दाता म्हणजे सरकार. सरकारचा हात मोठा खरा, पण त्याच्यापुढें शंभर हात पसरलेले असतात, आणि ज्या झाडाला फळ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं तें लावण्यास राजसत्ता सहसा प्रथम पुढें होत नाहीं. म्हणून जगांत बहुतेक ठिकाणीं या कामाचा पहिला खड्डा खणला तो दानानें. लंडनमध्यें १९०२ सालीं कर्करोग-संशोधनाचा मोठा निधि स्थापन झाला तो लोकांच्या देणग्यांतून. आणि आपल्याकडे ज्या घराण्यानें आरंभ केला त्याचें नांव टाटा.

ती हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं, १९३२ मध्यें, सर दोराबजीही गेले. पण जाण्यापूर्वीं त्यांनीं पत्नीच्या नांवें रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठीं एक विश्वस्तनिधि स्थापन केला व आपली स्वतःची सारी संपत्ति दुसऱ्या विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केली. मेहेरबाईंजवळ ‘जुबिली’ नांवाचा २४५ कॅरटांचा हिरा होता. आज ज्या आकाराचा कोहिनूर आहे त्याच्या दुपटीहून मोठा. तो पुढें विकला गेला आणि त्याचेंही द्रव्य त्याच निधींत पडलें. त्या निधींतून परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभें राहिलें व २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडण्यांत आलें. त्या वेळीं तेथें ८० खाटा होत्या. पत्नीचें दुःख एका पुतळ्यांत किंवा घाटाच्या पायऱ्यांत बंद न करितां त्यांनीं तें अशा ठिकाणीं लावलें, कीं जेथें इतर घरांतील तेंच दुःख थोडें कमी व्हावें.

या रुग्णालयाची थोरवी केवळ खाटांत नव्हती. तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हातीं होती. रोगी बरा करणें हें काम जितकें मोठें तितकेंच रोग समजून घेणें हेंही मोठें, अशी त्यांची धारणा असल्यामुळें १९५२ मध्यें परळ येथेंच स्वतंत्र संशोधनकेंद्र निघालें व ते त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्याच हाताखालीं तयार झालेल्या विदुषी म्हणजे डॉ. कमल रणदिवे. पुण्यांत १९१७ सालीं समर्थांच्या घरीं त्यांचा जन्म झाला. शिक्षण हुजूरपागेंत व फर्ग्युसन कॉलेजांत. आणि मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट १९४९ सालीं. पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्याजवळ, शरीराबाहेर कांचपात्रांत जिवंत पेशी वाढविण्याची विद्या त्या शिकल्या आणि परत येऊन ती त्यांनीं परळच्या प्रयोगशाळेंत रुजविली.

डॉ. रणदिवे यांचें मुख्य कार्य उंदरांतील स्तनाच्या कर्करोगासंबंधीं होतें. कांहीं जातींच्या उंदरांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या कां उतरतो? आनुवंशिक प्रवृत्ति, शरीरांतील अंतःस्राव आणि आईच्या दुधावाटे पिलांत जाणारा एक विषाणु, या तिहींचा परस्परसंबंध काय? हे प्रश्न त्यांनीं वर्षानुवर्षें धरून ठेविले. (येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. तो विषाणु उंदरांचा होय. मनुष्यांत हा रोग आईच्या दुधानें किंवा स्पर्शानें लागत नाहीं.) १९८२ मध्यें त्यांना पद्मभूषण ही पदवी मिळाली व २००१ मध्यें त्यांचें देहावसान झालें. ज्या काळांत आपल्या घरांतील मुलीनें मॅट्रिक झाल्यावर पुढें शिकावें कीं नाहीं याचा वाद चालत असे, त्या काळांत पुण्याची एक मुलगी उंदरांच्या पिंजऱ्यापुढें बसून आपल्याच जातीच्या शत्रूचा शोध घेत होती, याची आठवण आपल्या घरांतील मुलींना अवश्य करून द्यावी.

रोगाचा शोध घेण्यास मोजदादही लागते. कोणत्या वयांत, कोणत्या समाजांत, किती जणींना हा रोग होतो हें ठाऊक नसेल तर पुढचे तर्क हवेंत बांधल्यासारखे होतात. हें कामही प्रथम सरकारनें केलें नाहीं. १९५१ मध्यें डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकारानें भारतीय कर्करोग संस्था ही धर्मादाय संस्था निघाली, आणि तिनें १९६३ मध्यें मुंबई शहरांतील कर्करोग्यांची नोंदवही सुरू केली. घरोघरचीं दुःखें अशीं ओळीनें लिहून ठेवणें हें काम रूक्ष खरें. पण वैद्यकाचें पंचांग त्यावांचून होत नाहीं.

न्यायानें बोलावयाचें तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, टाटा रुग्णालय आज केवळ दानावर चालत नाहीं. १९५७ मध्यें त्याचा भार केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यानें घेतला, १९६२ मध्यें तें अणुशक्ति विभागाकडे गेलें, आणि १९६६ मध्यें रुग्णालय व संशोधनकेंद्र मिळून एकच संस्था झाली. दानानें झाड लावलें, पाणी घालून मोठें केलें. मग राज्यानें त्याला कुंपण केलें. परंतु लावणाऱ्याच्या हेतूचा गुण झाडांत उतरतो. विकण्याजोगा माल न निघणारे प्रश्न विचारण्याची संवय या संस्थेंत टिकली, याचीं दोन-तीन उदाहरणें देतों.

पहिलें उदाहरण नुकतेंच प्रसिद्ध झालेलें आहे. स्तनाची गांठ कापतांना जी ओढाताण होते, तीमुळेंच कांहीं पेशी चेतवल्या जाऊन सुटत असतील काय, अशी शंका डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांना होती. तसें असेल तर कापण्यापूर्वीं गांठीच्या भोंवतालची जागा बधिर करून पेशींची ती चलबिचल थांबवितां येईल. दांत काढतांना जें बधिर करण्याचें औषध टोंचतात, त्याच जातीचें लिडोकेन त्यांनीं गांठीभोंवतीं टोंचलें आणि सात ते दहा मिनिटांनीं शस्त्र चालविलें. देशांतील ११ रुग्णालयांत, २०११ ते २०२२ या काळांत, १,५८३ स्त्रियांवर ही परीक्षा झाली. कोणाला टोंचावयाचें व कोणाला नाहीं हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें होतें. पांच वर्षांअखेर टोंचलेल्यांपैकीं शेंकडा ९०.१ व न टोंचलेल्यांपैकीं शेंकडा ८६.४ स्त्रिया जिवंत होत्या. म्हणजे शंभरांमागें सुमारें चौघी अधिक. औषधाची किंमत अगदीं थोडी. त्याचें स्वामित्व कोणाकडे नाहीं. म्हणून त्यावर पैसा लावून नफा मिळविण्याची आशाही कोणाला नव्हती. या परीक्षेवर कांहीं आक्षेपही घेतले गेले. विशेषतः, दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याची सुई टोंचून तुलना केलेली नव्हती हा. इतर देशांत हा पडताळा पुन्हां घेतला जाणें इष्ट आहे. एका परीक्षेवर शास्त्र कायमचें विसंबत नाहीं. पण प्रश्न विचारला गेला, तो आपल्या देशांत विचारला गेला, आणि गरिबालाही परवडेल असें उत्तर त्यांतून निघालें, हें लहानसहान नव्हे.

दुसरें उदाहरण नकाराचें आहे, आणि माझ्या मतें तें अधिक बोधप्रद आहे. रोग दूरवर पसरल्यानंतर ज्या स्त्रिया येतात, त्यांची स्तनांतील मूळ गांठ काढल्यानें आयुष्य वाढतें काय? घरच्या माणसांना वाटतें कीं, कांहीं तरी कापून काढलें पाहिजे. नाहीं तर आपण हात बांधून बसल्यासारखें होतें. टाटा रुग्णालयांत २००५ ते २०१३ या वर्षांत अशा ३५० स्त्रियांवर परीक्षा करण्यांत आली. गांठ काढलेल्यांचें आयुष्य मध्यम मानानें १९.२ महिने व न काढलेल्यांचें २०.५ महिने असें आढळलें. म्हणजे लाभ नाहीं. २०१५ मध्यें हें फळ प्रसिद्ध झालें, तेव्हां शस्त्रवैद्यांनींच आपल्या शस्त्राविरुद्ध साक्ष दिली असें म्हणावें लागेल. असा ‘नाहीं’ कोणता व्यापारी विकत घेईल? परंतु ज्या घरानें या ‘नाहीं’मुळें व्यर्थ शस्त्रक्रिया, व्यर्थ कर्ज आणि आजारी बाईचे व्यर्थ हाल टाळले, त्या घराला त्याची किंमत कळेल. ज्ञानासाठीं केलेलें दान पुष्कळदां असा नकारच घेऊन परत येतें, व तें दान फुकट गेलें असें दात्यानें कधींही समजूं नये.

तिसरें उदाहरण मुंबईच्या झोपडपट्ट्यांतलें. स्तनाचीं क्ष-किरण चित्रें काढण्याचीं यंत्रें महाग. तीं गांवोगांवीं नेणार कोण? मग थोडक्या शिक्षणानें तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनीं नुसत्या हातानें तपासलें तर कांहीं उपयोग होईल काय? १९९८ पासून पुढें वीस वर्षें, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट करून हें पाहण्यांत आलें, डॉ. इंद्रनील मित्र या कार्यांत अग्रभागीं होते. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेलें फळ असें. तपासलेल्या गटांत रोग लौकरच्या अवस्थेंत सांपडला. आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यु शेंकडा सुमारें तीस कमी झाले. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाहीं, हेंही त्या वैद्यांनीं लपविलें नाहीं. बीज उडून जाण्यापूर्वीं झाड ओळखावें, एवढेंच याचें सार.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो निर्दय माणसाचा नव्हे, सदय माणसाचाच असतो. दाराशीं रोगी उभा असतां उंदरांवर व कांचपात्रांवर पैसा कां खर्च करावा? आधीं त्याला औषध द्यावें. आक्षेपांत बळ आहे. परळच्या पदपथावर दूरगांवाहून येऊन पथारी पसरणारे रोगी ज्यांनीं पाहिले आहेत ते त्याला हंसून उडवणार नाहींत. पण आपल्या शास्त्रकारांनीं दानधर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयागादि तें इष्ट. विहिरी, तळीं, बागा, अन्नसत्रें तें पूर्त. त्या पूर्तांतही तहानलेल्याला एक तांब्या पाणी देणें निराळें आणि विहीर खणणें निराळें. विहीर खणणाऱ्याला पाणी किती हातांवर लागेल हें ठाऊक नसतें, कधीं कधीं खडकच लागतो, आणि पाणी लागलें तरी तें पिणारे बहुधा त्याच्या मागून जन्माला येतात. म्हणून तांब्या देणें थांबवावें असें नाहीं. परंतु साऱ्या गांवानें तांब्येच दिले व विहीर कोणीच खणली नाहीं, तर पुढच्या उन्हाळ्यांत तांब्या भरावयाचा कोठून?

दान पैशाचेंच असतें असेंही नाहीं. टाटा रुग्णालयांत, तसेंच पुण्यास प्रशांती या कर्करोगसेवा संस्थेंत, शस्त्रक्रियेंत काढलेल्या गांठीचे अंश रोगी स्त्रीच्या संमतीनें जपून ठेविले जातात व त्यांवर संशोधन चालतें. आपल्या व्याधीचा तुकडा परक्या घरच्या लेकीसुनांसाठीं देऊन जाणारी ती बाई कदाचित् निरक्षर असेल, तिच्याजवळ पावती फाडण्यापुरता पैसाही नसेल. पण दात्यांच्या नामावळींत तिचें स्थान हिरा देणाऱ्याच्या खालचें नव्हे.

आतां घरची गोष्ट. आमच्या आप्तांपैकीं एका आत्याबाईंना काखेजवळ सुपारीएवढी गांठ लागली होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनीं ती कोणास सांगितली नाहीं. पुढें पुतणीचें लग्न ठरलें. घरांत कार्य असतां आपलें दुखणें काढावयाचें नाहीं, म्हणून आणखी आठ महिने गेले. लग्न थाटांत पार पडलें. हळदीकुंकू, मांडवपरतणें, सारें त्यांनींच केलें. त्यानंतर पाठ दुखूं लागली तेव्हां गोष्ट उघडकीस आली. पण रोग मणक्यांत पोंचला होता. घरांत डॉक्टर होता, पैसा होता, माया तर होतीच होती. नव्हतें तें केवळ त्या विषयाचें उच्चारण. ज्या प्रसारावर जगभरचे शास्त्रज्ञ डोकें खपवीत आहेत, त्याला आठ महिन्यांची मोकळीक आमच्याच घराच्या सभ्यतेनें दिली.

म्हणून एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्या बायकांनीं पुढाकार घ्यावा. सासूबाईंनीं सुनेला, थोरल्या जावेनें धाकटीला स्पष्ट विचारावें व सांगावें. स्तनांत किंवा काखेंत न दुखणारी गांठ, कातडीला पडलेली खळी किंवा सालासारखा खडबडीतपणा, स्तनाग्र आंत ओढलें जाणें, त्यांतून रक्त किंवा रक्तासारखा स्राव येणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास आठवड्याच्या आंत डॉक्टरांकडे जावें. बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात, हें ध्यानांत ठेवून घाबरूं नये. पण दुखत नाहीं म्हणून निर्धास्तही राहूं नये. पुरुषांनींही लक्षांत ठेवावें कीं, क्वचित् हा रोग त्यांनाही होतो. ज्यांच्या माहेरीं आई, बहीण किंवा मावशी या रोगानें गेली असेल, त्यांनीं तें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. कुळाची अप्रतिष्ठा होईल या भीतीनें लपवूं नये. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणें आज आमच्याकडील कोणत्याही गांवाला कठीण राहिलेलें नाहीं.

आणि दानाविषयीं शेवटचें. आपल्या घरांत श्राद्धपक्षाच्या निमित्तानें, मौंजीबंधनांत, साठीशांतीला, सहस्रचंद्रदर्शनाला कांहीं रक्कम बाजूला काढण्याची चाल आहे. त्यांतील थोडा भाग या कामीं लावावा. लावतांना दोन गोष्टी विचाराव्या. संस्था नोंदलेली आहे काय व तिचे हिशेब प्रसिद्ध होतात काय, ही एक. आणि आपला पैसा रोग्याच्या साह्यास जाणार कीं संशोधनास, ही दुसरी. दोन्ही कामें पवित्र आहेत; पण कोणत्या कामासाठीं दिला हें पावतीवर लिहवून घ्यावें, म्हणजे विहिरीचा पैसा तांब्यांत जात नाहीं. रक्कम मोठी नसली तरी संकोचूं नये. परळची इमारत एका घराण्याच्या द्रव्यानें उभी राहिली, हें खरें. पण प्रत्येक पिढीला नवा हिरा सांपडेल या भरंवशावर शास्त्राला सोडतां येत नाहीं. एखाद्या गेलेल्या मावशीच्या वर्षश्राद्धाला तिच्या नांवें पांचशें रुपये पाठविले, आणि त्याच दिवशीं ती कशानें गेली हें घरांतील मुलींना नांव घेऊन सांगितलें, तर दोन्ही कामें एकदम झालीं असें मी समजेन.